दादीचे चार फोटो

(युवक-युवतींसाठीच्या छायाचित्रण कार्यशाळेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिला, 'फोटो शार्प कसा येतो.' मी त्यांना म्हटलं, याला भाषण कशाला पाहिजे? कॅमेरा हलू देऊ नका, फोकस चुकवू नका, संपलं. ते म्हणाले, पोरं-पोरी सकाळची एसटी पकडून आली आहेत, दोन वाक्यांत परत पाठवू नका. म्हणून जरा सविस्तर बोलतो.

समोर बघतोय तर आठ-दहा जणांच्या गळ्यात कॅमेरे आहेत. त्यातले निम्मे तरी भावाचे, मामाचे नाहीतर मित्राचे, मागून आणलेले असणार. बाकी सगळ्यांच्या हातात मोबाइल. हरकत नाही. जे सांगणार आहे ते बऱ्याच अंशी दोन्हीला लागू आहे. पण सुरुवात माझ्या फसलेल्या फोटोंपासून करतो, कारण मला जे काही येतं ते तिथून आलं.

मी मिरजेचा. सतारमेकर गल्लीपासून आमचं घर हाकेच्या अंतरावर. दहावी झाल्यावर एका अण्णांच्या स्टुडिओत मदतनीस म्हणून लागलो. मदतनीस म्हणजे काय, तर लाइट धरायचा, पाहुण्यांना रांगेत उभं करायचं, रात्री रोल धुवायचे. 1989 साली माझे मामू कुवेतहून आले आणि त्यांनी माझ्यासाठी पेंटॅक्स के-1000 आणला. साधा, दणकट, सगळं हातानं करायचा कॅमेरा. फोकस हातानं, शटर हातानं. गल्लीत माझा भाव एकदम वाढला.

घरात एकच माणूस कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हतं, ती म्हणजे दादी. गुनाह वगैरे काही तिच्या डोक्यात नव्हतं. 'मेरे कू क्या देखना है उसमें,' एवढंच म्हणायची. तुम्हाला आज खरं वाटणार नाही, पण त्या बाईचा जगात एकही फोटो नव्हता. फोटोवालं मतदार ओळखपत्र तेव्हा यायचं होतं, रेशनकार्डावर नुसतं नाव, पासपोर्ट काढायचा प्रश्नच नव्हता. लग्नातल्या ग्रुप फोटोतसुद्धा ती नेमकी आत स्वयंपाकघरात.

हिवाळ्यात एकदा असरनंतर ती उंबऱ्याजवळ सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मागे दाराला फुलाफुलांचा पडदा. मी कॅमेरा पुसत होतो. काय वाटलं कोण जाणे, ती म्हणाली, 'ले, निकाल एक. पर मेरे कू हसा नक्को.'

रोलमध्ये चारच फोटो शिल्लक होते. बत्तीस एका बारशात गेले होते. इंदूचा ब्लॅक अँड व्हाइट रोल होता. मी चारही काढले. रात्री अण्णांच्या डार्करूममध्ये रोल धुतला, वाळल्यावर दिव्यासमोर धरला, आणि पोटात खड्डा पडला. तीन फोटोंत दादी धूसर. चौथ्यात सगळंच दुहेरी दिसत होतं, जणू कुणी फोटो काढताना घर हलवलं.

आता खरं तर काय करायला पाहिजे होतं? दुसऱ्या दिवशी नवा रोल घालून परत काढायला पाहिजे होते. ती समोरच होती. मी नाही काढले. लाज वाटली. तिनं विचारलं, 'कैसा आया?' मी म्हटलं, 'अच्छा आया.' 'दिखा.' 'मोठा करायला पुण्याला पाठवलाय.' पुढचे पाच महिने ती आठ-पंधरा दिवसांनी विचारायची, पुण्याहून आला का? आणि मी काहीतरी कारण सांगायचो. जूनमध्ये पहिल्या पावसात ती गेली.

चाळीसाव्यानंतर अण्णांनी ते निगेटिव्ह मागितले, घरात लावायला एक मोठा फोटो करून देतो म्हणाले. आता लपवायची सोय नव्हती. त्यांनी भिंग लावून चारही नीट पाहिले. मला वाटलं, आता शिव्या बसणार. अण्णा काही बोललेच नाहीत. मला स्टुडिओच्या दारात उभं केलं आणि रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचायला सांगितली. मी घडाघडा वाचली. रोज बघत होतो, पाठ होती. अण्णा म्हणाले, 'खालची बारीक ओळ वाच.' मला तिथं ओळ आहे हेच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डोळे तपासले. दोन्ही डोळ्यांना उणे अडीच नंबर. शाळेत मी सतत पहिल्या बाकावर का बसायचो, हे तेव्हा मास्तरांना कळलं नव्हतं आणि मलाही नाही.

हे सगळं तुम्हाला कशाला सांगतोय? कारण कॅमेऱ्यात डोळा घालून आपण जे बघतो, त्याबद्दल एक मोठा गैरसमज आहे. आपल्याला वाटतं, खिडकीतून बघावं तसं आपण समोरचा माणूस बघतोय. तसं नसतं. लेन्समधून आलेला प्रकाश आत आरशावर पडतो, तिथून वर एका दुधी काचेवर चित्र उमटतं, आणि आपण त्या काचेकडे बघत असतो. ती काच डोळ्यापासून दोन-तीन इंचांवर असते. इतक्या जवळचं कुणालाच नीट दिसणार नाही, म्हणून मध्ये भिंगं बसवलेली असतात. ती भिंगं अशी गोष्ट करतात की आपल्या डोळ्याला ती काच साधारण एक मीटर लांब असल्यासारखी वाटते. नव्या मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नाही, दुधी काच नाही, त्या जागी छोटासा स्क्रीन आहे. पण स्क्रीन आणि डोळा यांच्यामध्ये भिंगं आहेतच.

आता उणे अडीच नंबरच्या डोळ्याला चष्म्याशिवाय 40 सेंटिमीटरच्या पलीकडचं सगळं धूसर दिसतं. म्हणजे मी फोकस अगदी बरोबर केला तरी मला आतलं चित्र धूसर दिसणार, आणि चुकवला तरी धूसरच दिसणार. मी अंदाजानं रिंग फिरवायचो आणि 'बस, एवढंच दिसतं' असं समजून बटण दाबायचो. उन्हात हे खपून जायचं, कारण उन्हात लेन्सचं तोंड लहान ठेवता येतं आणि मग थोडं पुढचं-मागचंही साफ येतं. संध्याकाळी उंबऱ्यात मी लेन्स पूर्ण उघडी ठेवली होती, एफ 2 वर. दादी दीड मीटरवर. अशा वेळी जेमतेम दहा सेंटिमीटरचा पट्टा साफ येतो. तिच्या नाकापासून कानापर्यंत धरा ना. माझा फोकस तिच्या मागच्या पडद्यावर गेला होता. त्या निगेटिव्हमध्ये पडद्याचं एकेक फूल मोजून घ्यावं इतकं स्वच्छ आहे.

पेंटॅक्सच्या काचेत मधोमध एक गोल असतो, बारीक दाण्यांचा. फोकस नसेल तर ते दाणे चमचमतात, फोकस आला की शांत होतात. अण्णा नेहमी म्हणायचे, 'चमचम थांबली की दाब.' मला वाटायचं, ही त्यांची बोलायची पद्धत आहे. चष्मा लावून पहिल्यांदा कॅमेऱ्यात बघितलं, तेव्हा ती चमचम मला खरोखर दिसली.

माझ्या त्या कॅमेऱ्यात यावर इलाज नव्हता, चष्मा लावूनच बघायला लागायचं. तुमच्या कॅमेऱ्यात आहे. डोळा लावतो त्या रबराच्या शेजारी एक छोटंसं चाक किंवा सरकपट्टी असते, तिथं अधिक आणि उणे अशी खूण असते. त्याला डायॉप्टर म्हणतात. हात वर करा, हे चाक कधी फिरवलंय कुणी? ... दोन. बरं, पूर्वी एकही नसायचा.

ते जुळवायचं कसं? मी मिरजेचा असल्यामुळे मला तंबोऱ्याचीच उपमा सुचते. आमच्या गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर तारेखाली सुताचा धागा सरकवतो. थोडा पुढे, थोडा मागे. आवाज खुलला असं वाटलं तरी तिथं थांबत नाही. मुद्दाम पुढे जातो, आवाज बिघडू देतो, मग परत येतो. दोन्ही बाजूंचं बिघडणं ऐकल्याशिवाय मधली जागा सापडत नाही. डायॉप्टरचं अगदी तसंच आहे. चाक एका टोकाला न्या, सगळं धूसर होऊ द्या. मग हळूहळू उलटं फिरवा. साफ दिसेल. थांबू नका, पुढे जा, परत धूसर होऊ द्या, आणि मग मागे या.

पण बघायचं कुठं? इथंच लोक चुकतात. समोरच्या माणसाकडे बघून चाक फिरवायचं नाही. लेन्स पांढऱ्या भिंतीकडे किंवा आभाळाकडे वळवा, बटण अर्धं दाबा, आणि आत जे आकडे उजळतात, फोकसचे चौकोन दिसतात, त्यांच्याकडे बघा. आकड्यांच्या कडा कातरल्यासारख्या स्वच्छ दिसल्या पाहिजेत. आणि टक लावून बसू नका. तुमचे डोळे तरुण आहेत, ते स्वतःच ताण देऊन धूसर गोष्ट साफ करून घेतात. दोन सेकंद बघा, डोळा काढा, लांब खिडकीबाहेर बघा, परत बघा. पहिल्या क्षणाला साफ दिसलं तर ते खरं.

चष्मेवाल्यांनी आधी ठरवायचं, चष्मा लावून फोटो काढणार की काढून. जे ठरवाल त्याच अवस्थेत चाक जुळवा. चाकाची मजल मोठी नसते. कंपनीप्रमाणे फरक असतो, पण बऱ्याच कॅमेऱ्यांत साधारण उणे 3 ते अधिक 1 इतकीच. ज्यांचा नंबर त्याहून मोठा आहे, किंवा चष्म्यात सिलिंडरचा नंबर आहे, त्यांनी चष्मा ठेवायचाच. सिलिंडरचा नंबर या चाकानं भरून निघत नाही. चष्म्यामुळे चौकटीचे कोपरे दिसत नाहीत ही तक्रार खरी आहे. डोळा जरा इकडेतिकडे फिरवून कोपरे बघायची सवय लावून घ्या.

आणखी एक. हे चाक बॅगेत घासून आपोआप फिरतं. माझी भाची माझ्याबरोबर लग्नं शूट करते, तिला चष्मा नाही. आम्ही एकच कॅमेरा आलटून-पालटून वापरला की मला वाटायचं, कॅमेरा बिघडला. मागून आणलेला कॅमेरा असेल तर तो मागच्या माणसाच्या डोळ्याला जुळवलेला असतो. हातात आला की आधी चाक.

आता कुणी म्हणेल, आमचा कॅमेरा स्वतःच फोकस करतो, त्याला माझ्या चष्म्याशी काय? बरोबर आहे. डायॉप्टरनं फोटो बदलत नाही, फक्त तुम्हाला आत काय दिसतं ते बदलतं. पण ऑटोफोकसनं माणूस सोडून मागचा पडदा पकडला, तर ते कळणार कसं? कॅमेरा 'पीप' करतो आणि आपण खूश होतो. तो पडद्यासाठीसुद्धा तसाच पीप करतो.

हे झालं डोळ्याचं. आता तो चौथा फोटो.

फसलेला फोटो कशानं फसला हे ओळखायला शिका, नाहीतर चुकीच्या रोगावर औषध घ्याल. फोटो मोठा करून बघा. माणूस धूसर आहे पण पुढचं किंवा मागचं काहीतरी साफ आहे, तर फोकस चुकला. भिंत, खुर्ची सगळं साफ, फक्त पोरगा ओघळल्यासारखा, तर पोरगा हलला. तिथं शटर वेगवान पाहिजे. तुम्ही कितीही घट्ट उभे राहा, लेन्समध्ये कंपन थांबवायची सोय असू द्या, पळणारं पोर त्यानं थांबत नाही. आणि सगळंच्या सगळं एकाच दिशेनं पुसल्यासारखं, दिव्याच्या ठिपक्याची रेघ झालेली, तर हात तुमचा हलला. चौथ्या फोटोत सुपातला पांढरा तांदळाचा दाणा आडवी रेघ झालाय. उजेड कमी झाला होता म्हणून मी शटर 1/15 वर नेला होता, आणि घाईत बटणावर बोट आपटलं होतं.

जुना हिशेब असा: लेन्स जितक्या मिलिमीटरची, शटर निदान तितक्याव्या भागाचं. 50 ची लेन्स असेल तर 1/60 च्या खाली हातात धरून जायचं नाही. 200 ची झूम असेल तर 1/250. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या कॅमेऱ्याचा सेन्सर फिल्मपेक्षा लहान आहे, त्यांनी दीडपट धरायचं. मी तर म्हणेन दुप्पटच धरा. आम्ही फोटो पोस्टकार्ड आकाराचे काढायचो, त्यात बारीक थरथर लपून जायची. तुम्ही स्क्रीनवर दोन बोटांनी ताणून बघता, तिथं काही लपत नाही. आयएसओ वाढवावा लागला तर वाढवा. दाणेदार फोटोतला चेहरा ओळखू येतो.

आता धरायचं कसं. उभा राहून दाखवतो. उजव्या हातानं मूठ धरायची, पण वजन उजव्या हातावर नाही. वजन डाव्या हाताच्या तळव्यावर, लेन्सच्या खाली, भाकरी उचलून धरावी तसा हात. बघा, तुम्ही बहुतेक जण लेन्स वरून चिमटीत पकडता. मग डावं कोपर पंख्यासारखं बाहेर जातं आणि सगळं लटकतं. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवा. कॅमेरा भुवईवर टेकवा. झाले तीन टेकू: दोन हात आणि कपाळ. स्क्रीनकडे बघत हात लांब करून फोटो काढला की तिसरा टेकू गेला. उन्हात तो स्क्रीन धड दिसतही नाही.

आमच्या गल्लीतल्या कारागिरांना मी लहानपणापासून बघत आलोय. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांची ही घराणी, त्यांच्या पूर्वजांनी सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी सतारी करायला घेतल्या. भोपळ्यावर पानाफुलांचं काम करताना कारागिराचं कोपर कधी हवेत दिसणार नाही. मांडीला, पोटाला, पाटाला, कशाला तरी टेकलेलं असतं. एकदा मी एका चाचांना विचारलं, तुमचा हात थरथरत नाही का? ते म्हणाले, 'थरथराता है बेटा, सबका थरथराता है. टेका देने का.' टेका द्यायचा. फोटोग्राफीच्या कुठल्याही जाड पुस्तकात मला यापेक्षा कामाचं वाक्य मिळालं नाही.

तर टेका शोधत जा. पाय थोडे फाकवा, एक जरा पुढे. दाराची चौकट असेल तर खांदा टेकवा. खाली बसलात तर एक गुडघा जमिनीवर आणि कोपर दुसऱ्या गुडघ्यावर, पण हाडावर हाड नको, घसरतं. कोपराच्या वरचा मऊ भाग गुडघ्यावर येऊ द्या. टेबलावर ठेवून काढायचा असेल तर एक-दोन किलो तांदळाची पिशवी कॅमेऱ्याखाली घ्या, हवा तसा कोन मिळतो. ट्रायपॉड नसेल तर सुतळी आहे. कॅमेऱ्याच्या बुडाशी ट्रायपॉडचं भोक असतं, पाव इंची. त्यात बसणारा बोल्ट आणा, त्याला सुतळी बांधा, दुसरं टोक पायाखाली दाबा आणि कॅमेरा वर ओढून सुतळी ताणून धरा. हसू नका. वर-खाली होणारी थरथर निम्म्याहून कमी होते, करून बघा.

श्वास रोखून धरू नका. रोखला की थोड्या वेळानं उलट जास्त थरथरता. निम्मा सोडा आणि त्या संथ जागेत बटण दाबा. दाबा म्हणजे आपटू नका. अर्धं दाबून थांबलेलंच असता, तिथून बोट फक्त जड करायचं. आणि शटर वाजल्यावर लगेच कॅमेरा खाली ओढायचा नाही, एक क्षण तसंच राहायचं. उजेड फारच कमी असेल तर सलग तीन काढा. पहिल्याला बोटाचा धक्का असतो, शेवटच्याला बोट उचलल्याचा, मधला बहुतेक वेळा बरा येतो.

मोबाइलवाल्यांनो, तुम्हाला डायॉप्टर नाही, पण कोपरं आहेत. दोन्ही हातांनी धरा, बरगड्यांना टेका द्या, आवाजाच्या बटणानं किंवा तीन सेकंदांच्या टायमरवर काढा. स्क्रीनवर बोट मारलं की मोबाइल डुलतो. जुनी कागदपत्रं, आजोबांची पत्रं, शाळेच्या रजिस्टरचं पान असं काही काढत असाल तर तिथल्या तिथं मोठं करून एक ओळ वाचून बघा. घरी आल्यावर जन्मतारखेतला 3 की 8 हे कळत नाही, आणि तो कागद दुसऱ्यांदा हाती लागेलच असं नाही.

मागच्या एका कार्यशाळेत एका मुलीनं विचारलं, सर, धूसर फोटो वाईटच असतो का? नाही. रॉबर्ट कापानं 6 जून 1944 ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गोळीबारात जे फोटो काढले, ते हललेले आहेत आणि जगानं जपलेत. पुढे 1947 साली आलेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यानं 'स्लाइटली आउट ऑफ फोकस' असंच नाव दिलं. पण तो पाण्यात होता आणि समोरून गोळ्या येत होत्या. मी उंबऱ्यात होतो आणि समोर तांदूळ निवडणारी म्हातारी होती.

आमच्या घरात शेवटी तो चौथाच फोटो लागला. अण्णांनी मोठा करून दिला. पडदा स्वच्छ असलेले तीन अम्मीनं नको म्हणून सांगितलं. चौथ्यात फोकस योगायोगानं दादीवर होता, फक्त हात हलला होता. चेहरा दुहेरी आहे, तरी ती आहे. पाहुणे विचारतात, असा का दिसतो? अब्बा म्हणायचे, जुना आहे म्हणून. मी काही बोलत नाही.

चला, आता उठा. कॅमेरेवाल्यांनी त्या पांढऱ्या भिंतीकडे जा, चाक शोधा, दोघादोघांनी मिळून करा, म्हणजे एकाचं जुळवलेलं दुसऱ्याला कसं दिसतं ते कळेल. मोबाइलवाल्यांनी आधी लेन्स पुसा, कालचं तेल अजून आहे त्यावर. आणि मागच्या रांगेत दोघं-तिघं मगापासून डोळे बारीक करून फळ्याकडे बघताहेत. त्यांनी चहाच्या वेळी मला भेटायचं.